एकात एक बसणारे तीन बाऊल: जुन्या रंगीत काचेतील शिसे, कॅडमियम आणि एका घरातील शोध

पार्श्वभूमी

हे प्रकरण न्यू जर्सी राज्याच्या मध्य भागात भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे, गाव आणि नोकरी-व्यवसायाचे तपशील गाळले आहेत. घरात आई, वडील, सप्टेंबर २०२२ मध्ये जन्मलेली मुलगी आणि मे २०२३ मध्ये पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली मुलीची आजी, म्हणजे वडिलांची आई, अशी चार माणसे होती. घर १९५०च्या दशकात बांधलेले, लाकडी चौकटींच्या वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांचे. काच आणि चिनी मातीवरील लेपांच्या रासायनिक विश्लेषणाचे काम मी बरीच वर्षे केले आहे आणि मुलीची आई माझ्या नात्यातली आहे. या दोन कारणांनी माझा सल्ला विचारला गेला, तोही पुष्कळ गोष्टी घडून गेल्यावर.

एप्रिल २०२३ मध्ये शेजारच्या गावात एका वृद्ध दांपत्याच्या पश्चात त्यांच्या घरातले सामान विक्रीला काढले होते. अशा विक्रीला तिकडे इस्टेट सेल म्हणतात. तेथून मुलीच्या आईने दुधी काचेचे तीन बाऊल आणि फळांची चित्रे रंगवलेले सहा ग्लास मिळून बारा डॉलरला आणले. बाऊल एकात एक बसणारे होते: मोठा पिवळा, मधला नारिंगी, धाकटा हिरवा. तिन्ही आतून पांढरेशुभ्र आणि बाहेरून थेट काठापर्यंत रंगवलेले होते. तळाचा ठसा झिजून गेल्यामुळे ते कोणत्या कारखान्याचे आणि कोणत्या वर्षीचे हे सांगता येत नव्हते, तरी घडणीवरून ते १९५० ते १९७० या काळातले असावेत असे दिसते. पिवळ्या बाऊलचा रंग खालच्या बाजूने फिकट, खडूसारखा झाला होता. घेताना ते जुनेपणाचे सौंदर्य वाटले होते.

बाऊल शोभेसाठी नव्हे, वापरासाठी आणले होते आणि ते भरपूर वापरले गेले. पिवळ्यात कणीक मळली जाई, नारिंगीत दही लागे, हिरव्यात मुलीला मऊ भात आणि वरण कालवून दिले जाई. भांडी रोज डिशवॉशरमध्ये जात. आजी आल्यावर मात्र, यंत्राने भांडी निघत नाहीत या ठाम मतामुळे, ती आधी तारेच्या घासणीने घासली जाऊ लागली. वापर झाला की तिन्ही बाऊल एकात एक घालून ओट्याखालच्या कपाटात ठेवले जात. त्याच सुमारास रांगू लागलेल्या मुलीला ते कपाट सापडले. बाऊल बाहेर ओढायचे, लाकडी चमच्याने बडवायचे आणि काठ तोंडात घालून चावायचा, हा तिचा रोजचा खेळ झाला. तेवढ्या वेळात स्वयंपाक उरकत असल्यामुळे तो कोणी थांबवला नाही.

काचेवरच्या रंगात शिसे कशासाठी

पुढचे निर्णय समजायचे तर हा रंग डब्यातला तैलरंग नव्हे हे आधी लक्षात घ्यावे लागते. काचेच्या भांड्यावरची सजावट म्हणजे काचेवर वितळवलेली दुसरी काच असते. काचेची बारीक पूड आणि रंगद्रव्य यांचे मिश्रण भांड्यावर छापून किंवा फवारून ते भट्टीत भाजतात. येथे एक अडचण असते. वरचा लेप पुरता वितळला पाहिजे, पण खालचे भांडे मऊ पडून वाकता कामा नये. साध्या काचेचे भांडे साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे फार वेळ आकार धरून राहत नाही, म्हणून लेपाची काच त्याहून कमी तापमानाला वाहू लागणारी लागते. शिशाचे ऑक्साइड हे काम अतिशय चोख करते, शिवाय रंगाला चकाकी देते. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात कारखान्यांनी हाच मार्ग वापरला आणि त्या वेळी तो कोणाला गैर वाटत नव्हता.

कॅडमियम मात्र रंगासाठीच येते. कॅडमियम सल्फाइड स्वच्छ पिवळा रंग देते आणि त्यात सेलेनियम मिसळत गेले की रंग नारिंगीकडून लालकडे सरकतो. भट्टीच्या उष्णतेत टिकणारे इतके उजळ पिवळे-लाल रंग दुसऱ्या कशातून सहज मिळत नसल्याने त्यांची मक्तेदारी दीर्घकाळ टिकली. हिरवा आणि निळा रंग क्रोमियम किंवा कोबाल्टच्या संयुगांतून मिळवता येतो, त्यामुळे त्यांत कॅडमियम नसू शकते. शिसे मात्र त्यांच्याही लेपात असू शकते, कारण ते लेप वितळवण्यासाठी घातलेले असते.

ही केवळ आजीच्या काळातली गोष्ट नाही. जून २०१०मध्ये मॅकडोनाल्ड्सने श्रेक या व्यंगचित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी विकलेले सुमारे १ कोटी २० लाख ग्लास रंगातील कॅडमियममुळे परत मागवले आणि ते ग्लास बनले होते याच न्यू जर्सीतील मिलविल गावात. त्या वेळी अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने धोका तातडीचा असल्याचे म्हटले नव्हते. मुलांच्या हाताला लागून तोंडात जाऊ शकणारे प्रमाण दीर्घकाळात नको इतके ठरू शकते, एवढीच चिंता होती. वस्तूत धातू किती आहे आणि माणसापर्यंत त्यातला किती पोचतो हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि या कुटुंबाचा पुष्कळ गोंधळ ते एकच मानल्यामुळे झाला.

अडचण कशी समोर आली

न्यू जर्सीत प्रत्येक मुलाची पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी रक्तातील शिशाची तपासणी कायद्याने आवश्यक आहे. मुलीची पहिली तपासणी सप्टेंबर २०२३च्या अखेरीस झाली. बोट टोचून घेतलेल्या थेंबात ६.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर शिसे निघाले. बोटाच्या कातडीवरची धूळ थेंबात मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून तो शिरेतून घेतलेल्या रक्ताने पडताळला जातो. दोन आठवड्यांनी झालेल्या त्या तपासणीत ४.७ आले.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये संदर्भमूल्य ५ वरून ३.५वर आणले होते, त्यामुळे ४.७ हा आकडा त्याच्या वर गेला. मात्र ३.५च्या खाली सुरक्षित आणि वर विषबाधा असा त्याचा अर्थ नाही. देशातील एक ते पाच वर्षांच्या मुलांत सर्वाधिक शिसे असलेली अडीच टक्के मुले वेगळी काढणारी ती रेषा आहे. शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण ठाऊक नाही आणि शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे ४५च्या पुढेच विचारात घेतली जातात. म्हणजे डॉक्टरांपाशी औषध नव्हते, उगम शोधा आणि तो बंद करा एवढाच सल्ला होता. आईवडिलांना तो ऐकायला फार तोकडा वाटला. आईने त्या रात्री तीन वेळा मला फोन केला होता, मी तेव्हा प्रवासात होतो.

मुलीच्या रक्तात लोहही कमी निघाले. शिशाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण आतड्यात लोह आणि शिसे एकाच वाटेने शोषले जाऊ पाहतात आणि लोह कमी असले की शिशाला वाट मोकळी मिळते. त्यातच लहान मूल गिळलेल्या शिशापैकी चाळीस-पन्नास टक्के शोषून घेऊ शकते, प्रौढ माणूस साधारण दहा टक्के.

पहिला निर्णय: शोध कोठून सुरू करावा

डॉक्टरांकडे भारतीय कुटुंबांसाठी प्रश्नांची एक ठरलेली यादी होती: हळद, मसाले, काजळ, कुंकू, आयुर्वेदिक औषधे, पितळी भांडी. ती यादी निराधार नाही. हळदीला पिवळेपणा आणण्यासाठी शिशाचा क्रोमेट घातल्याची उदाहरणे दक्षिण आशियात सापडली आहेत. सन २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. शिशाच्या खनिजापासून केलेला सुरमा तर उघडच धोक्याचा आहे.

घरात या यादीने मात्र वेगळेच वळण घेतले. हळद आजीने सांगलीची आणली होती, काजळ तिनेच घरी पाडले होते, आणि देव्हाऱ्याची मांडणीही तिची होती. मुलाने दवाखान्यातून येताच सरळ विचारले, “आई, तू आणलेली हळद कुठली आहे?” त्या प्रश्नात आरोप नव्हता असे तो आजही म्हणतो. आजीने ते ऐकले, आपले सगळे डबे एका पिशवीत भरले आणि दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकले नाही. “माझ्या हळदीवर तू वाढलास,” एवढेच ती सुनेपाशी म्हणाली.

या दोन दिवसांचा उल्लेख केवळ कौटुंबिक तपशील म्हणून करत नाही. दिवसभर मुलीजवळ असणारी आणि ती काय काय तोंडात घालते हे प्रत्यक्ष पाहणारी व्यक्ती आजी होती. बाऊलच्या खेळाची माहिती सर्वांत आधी तिच्याकडून मिळाली असती. ती पुढे आली सहा आठवड्यांनी. “जुनी रंगवलेली काचेची किंवा चिनी मातीची भांडी आहेत का?” हा प्रश्न यादीत नव्हता, आणि घरातल्या कोणालाही अमेरिकी बाजारातून घेतलेले भांडे संशयास्पद वाटण्याचे कारण नव्हते.

हळद प्रयोगशाळेत पाठवली, तीत शिसे आढळले नाही. तुपाच्या दिव्याचे काजळ म्हणजे काजळीच, त्यात शिसे नव्हते. देव्हाऱ्याच्या खणात एका देवळातून आलेली शेंदराची पुडी होती. पारंपरिक शेंदूर हेच मुळी शिशाचे तांबडे ऑक्साइड असल्याने तिच्यात शिसे भरपूर निघाले. मात्र खण मुलीच्या हाताला येणारा नव्हता आणि पुडी कोणी उघडलेली नव्हती. ती घराबाहेर काढली, हे योग्यच झाले, पण मुलीच्या रक्तातील आकड्याचे उत्तर तीत नव्हते.

दुसरा निर्णय: कोणती चाचणी आणि तिचा अर्थ काय

ऑक्टोबरच्या अखेरीस वडिलांना जुन्या रंगीत भांड्यांविषयी कळले. त्यांनी दुकानातून रंग बदलणाऱ्या कांड्यांची पेटी आणली. कांडी ओली करून वस्तूवर घासायची, शिसे असल्यास ती गुलाबी-लाल होते. नारिंगी आणि हिरव्या बाऊलवर ती कोरी राहिली. पिवळ्यावर वरच्या भागात कोरी राहिली. ‘भांडी ठीक आहेत’ असे ठरले आणि बाऊल पुन्हा कपाटात गेले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महाग पडलेली चूक ही आहे.

कांडीला सुटे शिसे लागते. भाजलेल्या अखंड लेपात ते काचेच्या जाळ्यात अडकलेले असते, म्हणून शिशाने भरलेल्या लेपावरही कांडी कोरी राहू शकते. घरगुती कांड्यांवर विसंबू नये, असे ग्राहक सुरक्षा आयोगाने २००७ मध्येच सांगितले होते. कोऱ्या कांडीचा अर्थ फार तर ‘या जागी, या क्षणी सुटे शिसे हाती आले नाही’ एवढाच होतो. नोव्हेंबरमध्ये मी घरी गेलो तेव्हा तीच कांडी पिवळ्या बाऊलच्या तळाजवळच्या खडूसारख्या भागावर घासली आणि ती काही सेकंदांत गुलाबी झाली.

त्यानंतर एका प्रयोगशाळेतील परिचितांकडून हाती धरायच्या एक्सआरएफ यंत्राने तिन्ही बाऊल आणि ग्लास तपासले. हे यंत्र क्ष-किरण सोडते आणि उलट येणाऱ्या किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्ये ओळखते. तिन्ही बाऊलच्या बाहेरच्या रंगात शिसे निघाले, पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्ष भागांत, पाच अंकी. पिवळ्या आणि नारिंगीत कॅडमियमही होते. आतल्या पांढऱ्या काचेत शिसे नगण्य. पडद्यावर आर्सेनिकचाही मोठा आकडा उमटला आणि तो पाहून मुलीच्या आईचा धीर सुटला.

या आर्सेनिकविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याची भीती पुष्कळ घरांत विनाकारण पसरते. शिशाची एक प्रमुख क्ष-किरण रेषा १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि आर्सेनिकची १०.५४ला. हातातल्या यंत्राला हा फरक दिसत नाही. ते दुसऱ्या रेषांवरून हिशेब करून दोघांना वेगळे करू पाहते आणि शिसे अतोनात असले की तो हिशेब डळमळतो. दुधी काचेत पूर्वी बुडबुडे काढण्यासाठी आर्सेनिक वापरत असत, त्यामुळे थोडेसे असूही शकते, पण या आकड्यावर निर्णय घेणे योग्य नव्हते. दुसरी गोष्ट अशी की रंगाचा थर अतिशय पातळ असतो आणि किरण त्यातून आरपार खालच्या काचेत जातात, त्यामुळे पीपीएमचा आकडा थर आणि काच यांची सरमिसळ असते. यंत्राने ‘शिसे आहे, पुष्कळ आहे’ हे खात्रीने सांगितले. नेमके किती आणि बाहेर पडते का, हे ते सांगू शकत नाही.

बाहेर पडते का, हे पाहण्याची प्रमाणित रीत म्हणजे भांड्यात चार टक्के ॲसेटिक आम्ल, ढोबळमानाने पातळ शिरका, भरून ते खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवायचे आणि मग त्यातील धातू मोजायचे. पिवळ्या बाऊलची ही चाचणी झाली आणि आम्लात शिसे आढळले नाही. वडिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण आम्ल बाऊलच्या आत होते आणि रंग बाहेर. चाचणी बिनचूक होती, तिला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. ग्लासांसाठी मात्र वेगळी रीत आहे. ग्लास पालथा करून त्याच्या काठाचा बाहेरचा २० मिलिमीटरचा पट्टा त्याच आम्लात बुडवतात, कारण पिताना ओठ तिथे लागतात. आमच्या ग्लासांवरची फळे जवळजवळ काठापर्यंत होती आणि त्या चाचणीत शिशाचे प्रमाण उद्योगाने स्वतःहून पाळायच्या ४ पीपीएम मर्यादेच्या वर गेले. मुलगी त्या ग्लासांतून पीत नव्हती, मोठी माणसे पीत होती.

बाऊलसाठी मी एक साधा प्रयोग सुचवला. तिन्ही बाऊल नेहमीप्रमाणे धुऊन, कोरडे करून, एकात एक घालून आठवडाभर ठेवले, रोज एकदा काढले-घातले आणि मग पिवळ्याच्या आतली पांढरी बाजू ओल्या प्रमाणित पुसण्याने, म्हणजे चाचणीसाठीच्या फडक्याने, पुसून ती प्रयोगशाळेत पाठवली. दुसऱ्या आठवड्यात हेच बाऊल वेगवेगळे ठेवून तसेच पुसणे घेतले. पहिल्या पुसण्यात मोजण्याजोगे शिसे आणि कॅडमियम आढळले, दुसऱ्यात नाही. नारिंगी बाऊलची रंगीत पाठ पिवळ्याच्या पोटात घासत होती आणि ज्या बाजूला रंगच नाही तिथे भुकटी जमत होती. त्याच पिवळ्यात कणीक मळली जात होती, आणि नारिंगीच्या पोटात हिरव्याची पाठ बसत होती.

डिशवॉशरच्या पावडरीतील अल्कली गरम पाण्यात लेपाची काच हळूहळू खाते, चकाकी जाते आणि पृष्ठभाग खडूसारखा होतो. असा भुसभुशीत झालेला थर तारेची घासणी आणखी सोलते. पिवळा बाऊल आमच्या कुटुंबाकडे आला तेव्हाच अर्धा झिजलेला होता, त्यामुळे दोष आजीच्या घासणीचा म्हणता येत नाही, यंत्राचाही नाही.

खिडक्या

बाऊल सापडल्यावर सगळ्यांनाच शोध संपल्यासारखा वाटला. मला तसे वाटले नाही. घर १९७८पूर्वीचे होते, म्हणजे शिशाच्या घरगुती रंगावर अमेरिकेत बंदी येण्याआधीचे, आणि अशा घरांत मुलांच्या शिशाचा नेहमीचा उगम खिडक्या असतात, कारण चौकट वरखाली सरकताना रंग घासून त्याची धूळ पट्टीवर पडते. मुलीच्या खोलीतील खिडकीच्या पट्टीवरील धूळ तपासली तेव्हा ती त्या वेळच्या १०० मायक्रोग्रॅम प्रति चौरस फूट या मर्यादेच्या वर निघाली. जमिनीवरील धूळ १०च्या मर्यादेखाली होती.

न्यू जर्सीत जुलै २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार १९७८पूर्वीच्या भाड्याच्या घरांची शिशाच्या रंगासाठी तपासणी करावी लागते. मात्र पहिल्या तपासणीची मुदत भाडेकरू बदलेपर्यंत किंवा जुलै २०२४ पर्यंत होती. हे कुटुंब २०२१ पासून तिथे राहत असल्याने ती अजून झालेली नव्हती. त्यांनी मुदतीची वाट न पाहता धुळीचा अहवाल जोडून घरमालकाला लेखी कळवले. घरमालकाने तीन आठवडे उत्तर दिले नाही. मग प्रमाणित कंत्राटदाराकडून खिडकी दुरुस्त करून दिली.

पर्याय

बाऊलबाबत चार मते घरात होती. आईला ते शोकेसमध्ये ठेवायचे होते. वडिलांना इंटरनेटवर संग्राहकांना विकायचे होते, कारण अशा भांड्यांना बऱ्यापैकी किंमत मिळते. कोरडा शिधा ठेवायला वापरू, असे एक मत निघाले. आजी म्हणाली, “टाकून द्या आणि विषय मिटवा.”

कोरड्या शिध्याचा पर्याय पुसण्याच्या निकालाने आपोआप बाद झाला. शोकेसचा पर्याय घरात लहान मूल नसते तर मी मान्य केला असता. अखंड लेपाचे भांडे कपाटात ठेवल्याने हवेतून विष पसरत नाही. पण पिवळ्याची भुकटी सुटत होती आणि मूल वर्षभरात शोकेसपर्यंत पोचणार होते. विक्रीवर सर्वांत जास्त चर्चा झाली. शिसे असल्याचे स्पष्ट लिहून विकणे बेकायदा ठरले नसते, कारण मुलांच्या वस्तूंसाठी २०११ पासून असलेली १०० पीपीएमची मर्यादा सर्वसाधारण स्वयंपाकाच्या भांड्यांना लागू नाही. तरीही पुढचा खरेदीदार ती माहिती त्याच्या पुढच्याला देईल याची काहीच हमी नव्हती. हे बाऊल या घरात आले तेही माहितीविनाच. दान-दुकानात देण्यावरही हाच आक्षेप होता. काचेच्या पुनर्वापराच्या डब्यात टाकले तर शिसे नव्या काचेत जाते.

काय केले

बाऊल आणि ग्लास पिशवीत बांधून काउंटीच्या घरगुती घातक कचरा गोळा करण्याच्या दिवशी दिले. सहापैकी दोन ग्लास मुलीच्या आईने दिवाळीत एका मैत्रिणीला भेट दिले होते. तिला फोन करून सांगणे हे आईला सगळ्यांत अवघड गेले आणि तो फोन दहा दिवस लांबला. कपाट, खेळाचे चमचे आणि डिशवॉशरचा तळ ओल्या फडक्याने पुसून घेतले, झाडू वापरला नाही. लोहाचे थेंब सुरू झाले, वरणभातावर लिंबू आणि आहारात नाचणी आली. कणीक स्टीलच्या परातीत मळली जाऊ लागली, ती मुळात घरात होतीच. कॅडमियमची वेगळी तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारले. कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशके साठते, पण एवढ्या अल्प संपर्कानंतर आकडा हाती आला तरी त्यावर करण्यासारखे काही नसल्याने डॉक्टरांनी ती सुचवली नाही आणि मला ते पटले.

परिणाम

डिसेंबर २०२३ मध्ये मुलीच्या रक्तातील शिसे ३.४ होते, मार्च २०२४ मध्ये २.२, आणि सप्टेंबर २०२४च्या दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत १.६. मुलांतील शिसे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान सहसा वाढलेले असते, त्यामुळे ही घट अधिक बोलकी आहे. आईवडील आणि आजी यांच्या रक्तातील शिसे पहिल्यापासून १च्या आसपास होते. तेच अन्न खाणाऱ्या मोठ्यांत ते न वाढणे हे अन्नापेक्षा हात, तोंड आणि धूळ यांच्याकडे बोट दाखवते.

घट बाऊल गेल्यामुळे झाली की खिडकीमुळे, की लोहामुळे, हे सांगता येत नाही. सगळे उपाय सहा आठवड्यांच्या आत एकापाठोपाठ झाले आणि रक्तातील शिशाचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे व्हायला लागणारा काळ, साधारण महिनाभराचा असल्याने त्यांचे परिणाम एकमेकांत मिसळले. मुलीच्या वडिलांनी मला दोनदा विचारले की बाऊल हेच कारण होते ना. मी दोन्ही वेळा ‘ठाऊक नाही’ असे उत्तर दिले.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या दिवशीच आजीला प्रश्न विचारायचा होता, पण हळदीचा नव्हे. मुलगी दिवसभरात कुठे कुठे असते, काय हातात घेते, काय चावते, हे तिने शांतपणे सांगितले असते तर सहा आठवडे वाचले असते. ठरलेली यादी उपयोगी असते, तिने दिलेल्या दिशेपलीकडे पाहायचे राहून गेले.

कांडी कोरी निघाल्यावर बाऊल पुन्हा वापरात आणले हे टाळता आले असते. चाचणी करायची असो वा नसो, संशय आला त्या क्षणी वस्तू बाजूला ठेवण्याला काहीच खर्च नव्हता. उलट तपासण्यांवर झालेला खर्च बाऊलच्या किमतीच्या कित्येक पट होता. रंग झिजलेला दिसत असेल आणि घरात रांगते मूल असेल, तर मी आज कोणालाही भांड्यांची एक्सआरएफ चाचणी करा असे सांगणार नाही. तो पैसा खिडकीच्या धुळीच्या तपासणीवर खर्च करावा.

माझ्याही बाजूने एक चूक झाली. आम्लाची चाचणी बाऊलच्या आत होणार हे मला ठाऊक होते, तरी मी ती करू दिली, कारण ‘प्रमाणित’ निकालाने घरातली भीती कमी होईल असे मला वाटले. भीती कमी झाली आणि त्या खोट्या दिलाशात बाऊल आणखी आठ दिवस ओट्यावर राहिले.

आजी नोव्हेंबरच्या शेवटी पुण्याला परतली. जानेवारीत तिचा फोन आला. तिच्या शोकेसमध्ये लग्नातले, सोनेरी आणि लाल फुले रंगवलेले सरबताचे सहा ग्लास आहेत, त्यांचे काय करावे असे तिने विचारले. भारतात घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण ती डब्यातल्या रंगांसाठी आहे, काचेवर भाजलेल्या फुलांसाठी नाही, आणि हे ग्लास तर त्याच्या कितीतरी आधीचे. फुले काठापासून किती खाली आहेत आणि रंगावरून बोट फिरवल्यावर बोटाला भुकटी लागते का, एवढे मी तिला पाहायला सांगितले. फुले काठाला टेकलेली होती, रंग चकचकीत होता. ग्लास शोकेसमध्येच राहू दे आणि नात आली की शोकेसला कुलूप लाव, असे मी सांगितले. सरबत ती तशीही आता स्टीलच्या पेल्यातून देते.